कॅस्केड्समध्ये हिंडायला स्नोशूज: २५ इंची की ३०?

पायवाट:
नमस्कार मंडळी. आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो. या हिवाळ्यात इथल्या कॅस्केड्स डोंगररांगेत, स्नोक्वाल्मी पास या खिंडीत आणि माउंट रेनिअरवरच्या पॅराडाइझ या ठिकाणी, स्नोशूज (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून हिंडायचा बेत आहे. माझं वजन ७८ किलो, बायकोचं ५६. पाठीवर माझ्याकडे ८ किलो, तिच्याकडे ३. दुकानात मला ३० इंची आणि तिला २५ इंची सुचवले. वाट कधी तुडवलेली, कधी ताजा बर्फ, मध्येच चढ. एकच जोड सगळीकडे चालेल का?

हिमगौरी:
चालेल, पण ३० इंची घेऊ नका. आधी हिशोब करू. पायावर पडणारं एकूण वजन धरायचं: ७८ अधिक ८, वर बूट-कपड्यांचे ३. झाले ८९ किलो, म्हणजे १९६ पौंड (स्नोशूच्या मापाचे तक्ते पौंडातच असतात). २५ इंचीची मर्यादा बहुतेक तक्त्यांत २०० पौंडांच्या आसपास असते. तुम्ही अगदी काठावर आहात, म्हणून दुकानदाराने पुढचं माप सांगितलं असणार.

पण तक्ता फक्त पाय किती रुतेल एवढंच बघतो. कॅस्केड्समधला बर्फ पॅसिफिकवरून येतो, शून्याच्या आसपास पडतो, ओला आणि जड असतो. इकडे त्याला 'कॅस्केड काँक्रीट' म्हणतात ते उगाच नाही. तो पाय चांगला पेलतो. कोलोरॅडोच्या कोरड्या भुसभुशीत बर्फात ३० इंची लागले असते. इथे झाडीत वळताना तेच लांब शेपूट अडकतं आणि एका पायाचा स्नोशू दुसऱ्यावर पडतो. मागे जोडायचं शेपूट वेगळं मिळतं असा २२ किंवा २५ इंची घ्या. एमएसआर कंपनीच्या इव्हो मॉडेलला ६ इंचांचं लागतं, लाइटनिंग असेंटला ५ इंचांचं. ताज्या बर्फात लावा, एरवी पिशवीत. तुमच्या पत्नीचं एकूण साधारण ६२ किलो होईल, त्यांना २२ इंची पुरे.

खडकवाट:
मापाइतकंच तळ उलटा करून बघा. गोल अ‍ॅल्युमिनियम नळीची चौकट सपाटीवर छान, पण उतार आडवा कापताना कडेला दात नसल्यामुळे पाय खाली घसरतो. घोटा वाकडा होतो तो इथेच. लाइटनिंग असेंटची चौकटच दातेरी पट्टीची आहे, इव्होला खाली लांबीत दोन पोलादी पट्ट्या आहेत. इव्होचं प्लास्टिक कडक पापुद्र्यावर खडखड वाजतं, बाकी टिकाऊ.

टाचेखाली उचलायची दांडी असेल तर खड्या चढावर पोटऱ्या वाचतात. सपाटी आली की लगेच खाली पाडा.

हिमगौरी:
बांधणी घरीच, हातमोजे घालून करून बघा. चवडा बरोबर बिजागरीवर यायला हवा. बूट पुढे गेला तर पाऊल उचलताना टोक समोरच्या कडेला आपटतं. मागे राहिला तर दातांवर वजन येत नाही आणि चढावर पाय सुटतो. पट्टे रबरी असलेले बरे, करकर आवळायच्या कुलपात बर्फ गोठतो. बकलं बाहेरच्या बाजूला, म्हणजे डावा-उजवा चुकत नाही.

ओल्या बर्फाचं खरं दुखणं वेगळंच. उन्हात बर्फ मऊ झाला की दातांखाली त्याचा गोळा बसतो. लाडवासारखा घट्ट! मग दात जमिनीला टेकतच नाहीत. काठीने चौकटीच्या कडेवर टोला द्या, गोळा पडतो. निघण्यापूर्वी तळाला सिलिकॉन स्प्रे मारला तर कमी चिकटतो.

पायवाट:
खूपच उपयोगी. म्हणजे मला २५ अधिक शेपूट, तिला २२. पहिल्यांदा भाड्याने घेऊ का?

खडकवाट:
हो, एक दिवस तुडवलेल्या वाटेवर, एक दिवस ताज्या बर्फात. काठ्यांना रुंद चकत्या लावून घ्या, नाहीतर त्या मुठीपर्यंत आत जातात. जास्तीचा एक पट्टा आणि दोन-चार झिप टायही ठेवा.

आणि स्नोशू चांगला म्हणून कुठेही चढू नका. निघायच्या सकाळी नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटरचा अंदाज वाचा. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतं, पण खालच्या सपाट वाटेवरचा माणूसही त्यात सापडतो. सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली पोकळी असते, तिथून लांब चाला. रेनिअरला १ नोव्हेंबर ते १ मे गाडीत चाकांच्या साखळ्या ठेवणं सक्तीचं आहे, फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी.