मदत हवी आहे : १९७२ ची फियाट घ्यावी का?

सप्रेम नमस्कार. गिरगावातील एका निवृत्त गृहस्थांकडे १९७२ सालची फियाट ११०० डिलाइट विक्रीस आहे आणि लहानपणापासून स्टिअरिंगला लागूनच गियरचा दांडा असलेली ही गाडी आपल्या दारात असावी, असे मला वाटत आले आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या याच घराण्यातील पद्मिनी पुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, त्यामुळे ओढ जरा वाढली आहे, हे कबूल करतो.

अडचण नोंदणीची आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाडीला व्हिंटेज म्हणून १० वर्षांची नोंदणी मिळते व त्यासाठी २०,००० रुपये शुल्क आहे. मात्र मग ती प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मला तर रविवारी सकाळी कुटुंबासह मरीन ड्राइव्हला जायचे आहे. अशा वेळी साधी नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकृत करत राहणे अधिक सोयीचे ठरेल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी तपासणीच्या वेळी काय अडते ते कृपया सांगावे.

दुसरे म्हणजे, गाडी समुद्राजवळ उघड्यावर उभी असते. रंग नवा आहे, आणि नेमकी त्याचीच मला शंका येते. तळाचा पत्रा व दारांच्या खालच्या कडा गंजल्या आहेत का, हे रंगाखाली कसे ओळखावे? सुटे भाग चोर बाजारात मिळतात असे ऐकतो. विश्वासू कारागीर मात्र माहीत नाही.