प्रति: पडकी वस्ती ओळखायची कशी?

भिंती उरल्या नसतील तर जंगलातली जुनी वस्ती सापडणं निव्वळ नशिबाचा भाग, असं वर म्हटलंय. मला हे पटत नाही. भिंतींआधी झाडोरा बघा. माणसं राहतात तिथे राख, शेण, हाडं, खरकटं वर्षानुवर्षं मातीत मुरतं आणि स्फुरद, म्हणजे झाडं जोमाने वाढवणारा फॉस्फरस, साठत जातो. तो पावसाने सहजी वाहून जात नाही, मातीच्या कणांना धरून बसतो. फ्रान्समधल्या त्रॉन्से जंगलात रोमन काळातल्या वस्त्यांभोवतीची माती आणि झाडं तपासली गेली, तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वस्तीच्या जवळ जावं तसा मातीत स्फुरद जास्त आणि वनस्पतींचे प्रकारही जास्त, तेही जवळपास २००० वर्षांनंतर!

मी स्वतः एकदा अशाच हिरव्या खुणेमागे गेलो होतो. आजूबाजूला विरळ गवत आणि मध्येच एक चौकोनी, गर्द पट्टा. पालापाचोळा हाताने सारला तर खाली उंबऱ्याचा दगड, मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालेला. त्यावर हात ठेवून बराच वेळ तसाच बसून राहिलो. सापडलेलं खापर फोटो काढून जागेवरच ठेवलं. ते हललं की कुठल्या घराचं, कुठल्या थरातलं, हे कळायचा मार्गच संपतो. आणि एक कळकळीने सांगतो, अशा ठिकाणी पाऊल टाकण्याआधी काठीने जमीन ठोकून बघा. घर होतं तिथे जवळपास विहीर असण्याची शक्यता मोठी, आणि तिच्या तोंडावर वेली माजल्या की ती दिसतच नाही.