जूनमध्ये ट्रेल रेस आणि सेंट जॉनचा सण, दोन्ही एकाच सुट्टीत कुठे जमेल?

तोरणा_ते_म्युनिक: नमस्कार मंडळी. पुण्यात असताना सिंहगड, राजगड-तोरणा भरपूर पळलोय, आता म्युनिकला असतो. २०-२५ किमीची ट्रेल रेस करायची आहे आणि २१-२४ जूनच्या सुमारास डोंगरांवर जाळ पेटवतात तेही बघायचे आहेत. आई आणि बायको सोबत असतील, त्या पळत नाहीत. सुचवा.

घाटवाट: म्युनिकला आहात तर लांब जाऊच नका. गार्मिश-पार्टेनकिर्खेनच्या बाजूला जूनमध्ये झुगश्पिट्स अल्ट्राट्रेल असते. नावात अल्ट्रा असलं तरी लहान अंतरंही ठेवतात. डोंगरापलीकडे ऑस्ट्रियात एअरवाल्ड गाव आहे. तिथे २१ जूनच्या जवळपासच्या शनिवारी रात्री चहूबाजूंच्या कड्यांवर जाळ लावून क्रूस, प्राणी अशा आकृत्या उभ्या करतात. आईंना गावात बसूनच सगळं दिसेल.

रेस आणि जाळ एकाच शनिवार-रविवारी येतीलच असं नाही, त्यामुळे आधी दोन्ही तारखा बघा, मगच खोली घ्या. हवा बिघडली तर जाळ पुढे ढकलतात, एखादी रात्र हाताशी ठेवा. एअरवाल्ड ज्या भागात येतं त्या टिरोलमध्ये बऱ्याच ठिकाणी हे जाळ येशूच्या पवित्र हृदयाच्या रविवारी लावतात. नेपोलियनचं सैन्य चालून आलं तेव्हा, १७९६ मध्ये, तिथल्या लोकांनी घेतलेल्या शपथेची ती आठवण. ही तारीख ईस्टरप्रमाणे सरकते.

सरावाचं म्हणाल तर सिंहगड एका दमात संपतो, आल्प्समधला चढ तासन्‌तास चालतो. पोल्स वापरायची सवय आत्तापासून करा. जूनमध्ये वर बर्फाचे पट्टे असू शकतात आणि दुपारी विजा कडाडतात, म्हणून रेन जॅकेट घ्याच, रेसमध्ये ते सक्तीचंच असतं.

रानवारा: रेसचा हट्ट नसेल तर माझं मत कानिगोला. फ्रान्समधल्या कातालान मुलखातलं हे २,७८४ मीटरचं शिखर. पेर्पिन्याच्या किल्ल्यात वर्षभर जपलेली ज्योत २२ जूनला शिखरावर नेतात आणि तिथून ती गावोगावी उतरवतात. २३ च्या रात्री तिच्यावरच सेंट जॉनचे जाळ पेटतात. शिवजयंतीला गडावरून पळत शिवज्योत आणतात, अगदी तसंच. १९५५ पासून हे चालू आहे. नंबर नाही, मेडल नाही, तरी डोंगरात पळणाऱ्याने एकदा बघावंच.

तोरणा_ते_म्युनिक: कानिगो डोक्यात बसलं! फिनलंडच्या युकोलाबद्दलही ऐकलंय, तिकडे जावं का?

घाटवाट: युकोला ओरिएंटियरिंगची रिले आहे. सात जणांचा संघ, रात्रभर जंगलात नकाशा आणि होकायंत्र घेऊन पळायचं. उजेड रेंगाळतो, पण झाडीत हेडटॉर्च लागतोच. नकाशा वाचता येत नसेल तर संघाचा खोळंबा होईल, आधी म्युनिकमधल्या एखाद्या क्लबात शिका. शिवाय ती साधारण युहान्नुसच्या, म्हणजे तिथल्या सेंट जॉनच्या सणाच्या, आदल्या आठवड्यात असते आणि खुद्द सणाला फिनिश लोक शहर सोडून तळ्याकाठच्या घरी जातात. ओळखीचं घर नसेल तर आईंना बंद दुकानं बघत बसावं लागेल. या वर्षी एअरवाल्डच करा.