मदत हवी आहे: कॅम्पसचं वायफाय जोडलं जातंय, पण लॉगिनचं पान येत नाही (सातारा)

कासकरीण
वायफाय कनेक्ट होतंय, पण लॉगिनचं पानच येत नाही. नुसतं 'नो इंटरनेट'. रीस्टार्ट केलं, नेटवर्क फरगेट करून परत जोडलं, सगळं झालंय, तेच परत सांगू नका. शनिवारी सरांना रेफरन्स लिस्ट दाखवायची आहे आणि पेपर बाहेरून उघडत नाहीत. लवकर सांगा प्लीज.

कृष्णाकाठ
फोन का लॅपटॉप? हॉस्टेल का लायब्ररी? बाकीच्यांचं चालतंय का? एवढ्या माहितीवर फक्त पत्रिका मांडता येईल.

माणदेशी_गडी
फोनचा हॉटस्पॉट लाव आन् मोकळी हो. रोजचा दीड जीबी काय रील बघायला ठेवलाय व्हय? आमच्या वेळी कॉलेजात वायफाय फक्त माहितीपत्रकात होतं.

निवृत्त_दूरसंचार
हॉटस्पॉट हा कायमचा इलाज नव्हे. खोलीतल्या मुलींनी वर्गणी काढून बीएसएनएलचं फायबर घ्यावं. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा मोडेम ओरडून ओरडून जोडला जाईपर्यंत आमचा चहा पिऊन व्हायचा. आताच्या मुलांना धीर नाही.

कृष्णाकाठ
काका, हॉस्टेलच्या भिंतीला भोक पाडून फायबर ओढायला रेक्टरबाई परवानगी देतील का?

निवृत्त_दूरसंचार
अर्ज केला तर का देणार नाहीत? आधी अर्ज करावा लागतो.

कासकरीण
फायबर नको आहे मला! हॉटस्पॉटवर लॅपटॉप मस्त चालतो. पण जर्नलचे पेपर कॅम्पसच्या नेटवरच फुकट उघडतात, हॉटस्पॉटवर तेच पेपर डॉलरमध्ये पैसे मागतात. हॉस्टेल आणि लायब्ररी दोन्हीकडे तेच. कॉलेजचं नाव टाकणार नाही, उगाच लफडं नको.

उबुंटूप्रेमी
विंडोज आहे ना? काढून टाका. उबुंटू टाका, अर्ध्या तासात होतं. माझ्या लॅपटॉपला कधीच असला त्रास झाला नाही.

माणदेशी_गडी
शनिवारी लिस्ट द्यायची आन् तुम्ही तिला गुरुवारी रात्री ऑपरेटिंग सिस्टीम बदलायला लावताय. धन्य.

उबुंटूप्रेमी
पेनड्राइव्हवरून नुसतं चालवूनही बघता येतं, डिस्कला हात लावायची गरज नाही. माहिती नसेल तर मध्ये बोलू नये.

पुस्तकातली_आत्या
मी ग्रंथालयात काम करते म्हणून विचारते, कॉलेज सरकारी की अनुदानित? 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही नियतकालिकांच्या वर्गणीची सरकारी योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. त्यात ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं आहेत, पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना. अनुदानित महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट ही तशीच वेगळी योजना आहे. दोन्हीचा कारभार गांधीनगरच्या इनफ्लिबनेट या ग्रंथालयं जोडणाऱ्या केंद्राकडे. एन-लिस्टला प्रत्येकाचा वेगळा युजर आयडी असतो आणि तो घरूनही चालतो. सरकारी संस्थेत असाल तर इनफ्लिबनेटच्याच 'इनफेड' या लॉगिन-सेवेतून बाहेरून लॉगिन मिळतं, मात्र तुमच्या संस्थेने तिथे नोंदणी केलेली हवी. म्हणजे वायफायवाचूनही काम होईल. मुलांना हे कुणी सांगतच नाही.

कासकरीण
ताई, हे खरंच माहीत नव्हतं. पण तो आयडी लायब्ररीतून घ्यावा लागणार आणि तिथले सर सोमवारपर्यंत रजेवर.

यवतेश्वर_घाट
विषय काय आहे? नावावरून कास पठाराचं काहीतरी दिसतंय.

कासकरीण
एमएस्सी बॉटनी. युट्रिक्युलारिया, म्हणजे सीतेची आसवं.

यवतेश्वर_घाट
वा! कीटक खाणारं फूल. बघायला आलेले लोक तेच तुडवत सेल्फी काढतात. टोपली कारवी परत कधी फुलणार हो? सात वर्षांनी फुलते ना?

माणदेशी_गडी
गेला धागा पठारावर. गर्दीबद्दल बोलायचं तर वेगळा धागा काढा, माझ्याकडं लई साठलंय.

पोर्ट_८०
मुद्द्यावर या. १) त्याच वायफायवर तुमच्या फोनला पान येतं का? २) लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाकून बघा. ती साइट मुद्दाम साधी एचटीटीपी, म्हणजे एन्क्रिप्शनशिवायची, ठेवलेली आहे. लॉगिनचं पान अशाच साध्या विनंतीला अडवून दाखवलं जातं, एचटीटीपीएस साइटला ते मध्ये घुसवता येत नाही. काय येतं ते शब्दशः लिहा.

शिरवळचा_सोम्या
मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवर डिव्हाइस ओळखायचा पत्ता, रँडम असणार, दुसरं काही नाही. अँड्रॉइड १० पासून फोन आपणहून खोटा पत्ता दाखवतो. बंद करा, प्रश्न मिटला.

पोर्ट_८०
ती लॅपटॉपबद्दल विचारतेय. शिवाय मॅक बदलला तर उलट पान पुन्हा पुन्हा येतं, गायब होत नाही.

शिरवळचा_सोम्या
आमच्या कंपनीत गायबच झालं होतं.

कासकरीण
फोनवर पान येतं, लॉगिनही होतं. मला वाटलं हे सांगायची गरज नाही. लॅपटॉपवर ती साइट उघडली नाही, 'डीएनएस प्रोब फिनिश्ड' असं काहीतरी आलं.

पोर्ट_८०
हेच आधी हवं होतं. लॅपटॉप नवा आहे की कुणाचा वापरलेला?

कासकरीण
चुलत भावाचा. तो पुण्यात आयटीत आहे, नवा घेतला म्हणून जुना मला दिला. त्याचा काय संबंध?

पोर्ट_८०
संबंध आहे. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, ती त्याने बदललेली असणार. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज. तिथे 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट'समोर 'मॅन्युअल' असेल. बहुतेक ८.८.८.८, म्हणजे गूगलचं डीएनएस, भरलेलं असणार. एडिट करून 'ऑटोमॅटिक' करा.
कारण असं: लॉगिन होईपर्यंत कॅम्पसची फायरवॉल बाहेर काहीच जाऊ देत नाही, गूगलच्या डीएनएसकडेही नाही. साइटचं नावच सोडवता आलं नाही तर ब्राउझरची विनंती निघत नाही, आणि विनंतीच नाही तर पान कशाला येईल? हॉटस्पॉटवर ८.८.८.८ पर्यंत वाट मोकळी असते, म्हणून तिथे चालतं.

उबुंटूप्रेमी
पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवलं असतं तरी हेच कळलं असतं. तिथे डीएनएस आपोआप घेतलं जातं आणि पान आलं असतं.

कृष्णाकाठ
हे मात्र बरोबर आहे. पण पेनड्राइव्ह बनवायला डाउनलोड चार-सहा जीबीचं. दीड जीबीत बसवा.

कासकरीण
मॅन्युअलच होतं! ऑटोमॅटिक केलं, पान आलं. आता युजरनेम टाकल्यावर म्हणतंय 'डिव्हाइस लिमिट एक्सीडेड'.

पोर्ट_८०
फोन लॉगआउट करा आधी. नुसतं वायफाय बंद करून भागत नाही, पोर्टलच्या पानावर जाऊन लॉगआउट दाबा. नसेल बटण तर सेशन आपोआप सुटेपर्यंत थांबा.

कासकरीण
बटण होतं. चाललं. पहिला पेपर उतरतोय. पोर्टदादा, खूप आभार.

पुस्तकातली_आत्या
सोमवारी तो आयडी घेऊन ठेवा तरीही. सुट्टीत घरी गेल्यावर कॅम्पसचं वायफाय मिळणार नाही.

निवृत्त_दूरसंचार
फायबरच्या अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे. कुणाला हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.