सोलापुरात एका दिवसात लग्न: देवक, अक्षता आणि होमाची जुळणी कशी करावी?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. बहिणीचं लग्न आहे, म्हणजे आम्ही नवरीकडचे. नवरदेव बार्शीचा. साखरपुडा झालाय, आता हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं एकाच दिवशी होटगी रोडच्या कार्यालयात. मुहूर्त दुपारी १२:२५, हॉल सकाळी ६ ला ताब्यात. पाहुणे ५०० धरलेत.

देवक (लग्नाआधीची देवांची स्थापना) घरी बसवायचं की हॉलवर? अक्षता तांदळाच्या की ज्वारीच्या, आणि किती? हॉलवाले म्हणतात स्टेजवर होम नको, मग लाजाहोम (लाह्यांची आहुती) आणि सप्तपदी कुठं घ्यायची? गुरुजींच्या यादीत नुसतं "होमाचे साहित्य" लिहिलंय. काकू एक सांगते, आत्या दुसरंच.

बाळीवेस_जुना
देवक आदल्या दिवशी घरीच बसवा. सकाळी ६ ला हॉल मिळणार, त्यात देवक, हळद, सीमंतपूजन (नवरदेवाचं स्वागत-पूजन) कोंबलं तर १२:२५ चा मुहूर्त हमखास चुकतो. घरून निघताना देवकाचं सूप सोबत न्यायचं की घरीच ठेवायचं, हे गुरुजींना आधीच विचारून ठेवा.

देवकातल्या मातृकांसाठी (मातृदेवतांसाठी) २७ सुपाऱ्या लागतात: गौरी वगैरे १६, ब्राह्मी वगैरे ७, शिवाय गणपती, दुर्गा, क्षेत्रपाल, वास्तोष्पती. दुकानदार "२१ चालतील" म्हणतो, त्याचं ऐकू नका. ३५ आणा, किडक्या निघतातच. अविघ्नकलशाला (विघ्न येऊ नये म्हणून मांडायच्या कलशाला) मातीची सुगडं सकाळी पाण्यात बुडवून बघा, पाझरणारी बाजूला काढा. मराठा घरांत कुळाचं देवक, म्हणजे कुळाचं चिन्ह, वेगळं असतं, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस. ते भावकीतल्या वडीलधाऱ्यांनाच विचारायचं, इंटरनेटवर शोधायचं नाही.

देवक बसल्यावर ते उठेपर्यंत घरच्यांनी कुणाच्या मौतीला, दहाव्याला जायचं नाही. त्यामुळे देवक कधी उठवायचं तेही त्याच दिवशी ठरवून टाका, नाहीतर ते आठवडाभर देव्हाऱ्यासमोर तसंच राहतं.

हळकुंड
अक्षतांचं सांगते. नवरानवरीच्या हातात आणि गुरुजींच्या ताटात अखंड तांदळाच्या. कणी पाखडून काढा, अक्षता म्हणजे न तुटलेलं. पाहुण्यांसाठी आपल्या भागात ज्वारीच चालते, स्वस्तही पडते. पण हॉलला ग्रॅनाइटची फरशी असेल तर ज्वारी पायाखाली गोल फिरते आणि म्हातारी माणसं घसरतात. अशा ठिकाणी पाहुण्यांनाही तांदूळच द्या, किंवा स्टेजपुढं सतरंजी घाला.

५०० माणसांना ५ किलो पुष्कळ झाल्या. दर किलोला दोन चमचे तेल आधी चोळून घ्या, मग १० ग्रॅम कुंकू. पाणी घातलं की गोळे होतात आणि रंग कच्चा राहतो. बाजारातलं स्वस्त कुंकू नुसता रंग असतो, घामानं उतरून शालू खराब करतो. म्हणून नवरीच्या डोक्यावर पडणाऱ्या अक्षता हळदीच्या ठेवा. रात्रभर सुती कापडावर पसरून मगच पुड्या बांधा, ओलसर बांधल्या की दोन दिवसांत वास येतो.

हळद आधी नवरदेवाला, मग त्याची उष्टी नवरीला. बार्शीहून ती सकाळी ८ पर्यंत पोचली पाहिजे, हे त्यांना आत्ताच सांगा. दोन्हीकडे मिळून पाव किलो हळद पुरते. हळद लागलेले कपडे लगेच साबणात टाकू नका, साबणाच्या क्षारानं पिवळा डाग लाल होतो. आधी साध्या पाण्यात खळबळून उन्हात घाला.

(सोलापूरकरांना अक्षतेचं शिकवायला नको म्हणा. भोगीला संमती कट्ट्यावर आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या, योगदंडाच्या लग्नाची अक्षता पडते, तेव्हा अख्खं गाव मूठ भरून उभं असतं.)

विजापूर_वेस
मुहूर्ताबद्दल कुणीच बोललं नाही. १२:२५ ला मंगलाष्टकं *सुरू* करायची नसतात, १२:२५ ला अंतरपाट *दूर* व्हायला हवा. एका मंगलाष्टकाला साधारण सव्वा ते दीड मिनिट लागतं. पाच म्हटली तर सात-आठ मिनिटं. शिवाय आत्या आणि मावश्या वहीतली स्वतःची म्हणणार असतील तर त्यांची गणती आधीच करा आणि १२:१० ला उभं राहा. नवरी गौरीहराची पूजा करत बसते, तिथून तिला आणायची जबाबदारी मामाची. मामा त्या वेळी फेट्याच्या रांगेत सापडतो, त्याला १२ पासून तिथंच बसवा.

नवरदेव आणि नवरी पूर्व-पश्चिम समोरासमोर, मध्ये उत्तर-दक्षिण अंतरपाट. बऱ्याच स्टेजवर ही दिशा जुळत नाही, फोटोवाला पाट फिरवायला लावतो. आदल्या दिवशी होकायंत्रानं बघून फरशीवर खडूची खूण करा. वाजंत्र्यांना बजावा: प्रत्येक "सावधान"ला हलगी नको, फक्त शेवटी. नाहीतर पुढचं मंगलाष्टक कुणाला ऐकूच येत नाही.

बाळीवेस_जुना
होमाचं. स्टेजवर गालिचा आणि वर फॉल्स सीलिंग असतं, हॉलवाल्याचं चूक नाही. स्टेजखाली फरशीवर घ्या. चार विटा, त्यावर पत्र्याचा ट्रे, ट्रेमध्ये वाळूचा थर, वर होमकुंड. पंखे बंद. वारा लागला की धूर थेट नवरीच्या डोळ्यांत. सामान: गोवऱ्या, समिधा, कापूर, साजूक तूप अर्धा किलो, आणि साळीच्या लाह्या पाव किलो.

लाह्यांत सगळ्यात जास्त घोळ होतो. किराणावाला चुरमुरे देतो, नाहीतर नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या. दोन्ही नकोत. साळ भाजून फुटलेली, कुठंकुठं टरफल चिकटलेली, ती साळीची लाही. मधला मारुतीच्या बाजारात दोन दिवस आधी सांगून ठेवा. नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायला भाऊ लागतो, म्हणजे तुम्ही. मोबाईल खिशात ठेवून उभे राहा. कानपिळीचा मानही तुमचाच, त्याचा आहेर नवऱ्याकडच्यांनी आणायचा असतो, त्यांना आठवण द्या.

सप्तपदीला तांदळाच्या सात राशी, प्रत्येकीवर सुपारी. जेवणाच्या पंगतीला घाई झाली की गुरुजींवर "आवरा आवरा" सुरू होतं आणि सात पावलं पळवली जातात. ते होऊ देऊ नका. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ७: जिथं रीतीत सप्तपदी आहे तिथं सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं लग्न सिद्ध होत नाही. फोटोवाल्याला सप्तपदीचे फोटो नक्की काढायला सांगा.

विजापूर_वेस
आणि नोंदणीचा अर्ज हॉलवर न्या. गुरुजींची सही आणि तीन साक्षीदारांच्या सह्या तिथंच घेऊन टाका, नंतर गुरुजी दुसऱ्या गावच्या लग्नात असतात. पत्रिकेच्या चार-पाच प्रती जपून ठेवा. नोंदणी ९० दिवसांच्या आत.

जुळे_सोलापूरकर
खूप आभार सगळ्यांचे. देवक घरीच, ठरलं. मानपानाची टॉवेल-टोपी घेऊन झालीय. एकच राहिलं: झालीचे, म्हणजे सासरच्यांच्या डोक्यावर धरायच्या बांबूच्या परडीतले, दिवे. मागे एका लग्नात कणकेचे दिवे तडकून तेल थेट सासूबाईंच्या साडीवर गळालेलं बघितलंय.

हळकुंड
कणीक घट्ट मळा, पाणी कमी. १६ दिवे करा आणि दोन जास्तीचे. दहा मिनिटं उकडून घेतले की तडकत नाहीत. तेल नको, तूप घाला, तेही अर्ध्यापर्यंतच, आणि दुपारचं वितळलेलं नको, थिजलेलं घाला. बांबूच्या झालीत आधी केळीचं पान, त्यावर स्टीलचं ताट, मग दिवे. दोन्ही बाजूंनी झाल नीट धरल्यावरच वाती पेटवा.