अनुभव धागा : दहावी-आठवीतल्या भावंडांचे फोटो काढताना

बरीच वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. रुसलेला मामा, रडणारी करवली, सगळे हाताळून झालेत. पण गेल्या महिन्यात सोळा वर्षांची ताई आणि तेरा वर्षांचा धाकटा समोर उभे राहिले आणि मला घाम फुटला. जागा साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकाजवळची, संध्याकाळचं ऊन, सगळं जुळून आलेलं. आई मात्र माझ्या मागे उभी राहून, "अरे हस की नीट! तिच्या खांद्यावर हात ठेव!" त्यानं हात ठेवला, पण बसच्या दांडीवर ठेवावा तसा.

वीस मिनिटांनी मी आईंना म्हटलं, "वहिनी, गाडीत माझी एक काळी पिशवी राहिलीय, तेवढी आणता?" पिशवी नव्हतीच. त्या वळणाआड गेल्या तशी ताईनं भावाचा खोचलेला शर्ट ओढून बाहेर काढला. "आईनं खोचलाय ना? शिपाई दिसतोस." त्यानं तिची वेणी ओढली. पुढच्या चार मिनिटांत मला जे मिळालं, त्यातलाच एक आता त्यांच्या हॉलमध्ये लागलाय. शर्ट अर्धा आत, अर्धा बाहेर.

तुम्ही काय करता? मोकळेपणानं लिहा. फसलेलं आधी लिहिलंत तर बरं.

गावभाग, सांगली

आयर्विन पुलावर उभं करून फोटो काढा असं प्रत्येक पालक सांगतो. १९२९ सालचा दगडी पूल, दिसतो देखणाच. पण रहदारीत पोरं अवघडतात, आणि पूल दिसायचा तर पुलावर उभं राहून कसा दिसेल? मी त्यांना खाली घाटावर नेतो. नदीपलीकडे सांगलीवाडी पश्चिमेला, त्यामुळे पायऱ्यांवर नदीकडे तोंड करून बसलं की मावळतीचं ऊन सरळ चेहऱ्यावर येतं. डोळे मिटायला लागले तर जरा तिरकं बसवायचं, बस्स.

परवाच्या दोघांना मी फक्त विचारलं, "२०१९ ला पाणी कुठवर आलेलं रे?" झालं! थोरला म्हणाला इथवर, धाकटी म्हणाली खुळा आहेस का, इथवर. तिनं चवड्यांवर उभं राहून भिंतीवर हात लावला, त्यानं उडी मारून त्याच्या वर लावला. त्या पुरात पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची खूण ४५ ची. तेव्हा ही दोघं लहान होती, आठवणी निम्म्या ऐकीव असणार. पण भांडण खरं होतं. मी गुडघ्यावर बसून शटर एक पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर, ठेवला आणि दाबत राहिलो. उडी मारणारं पोर एक साठवर पकडायला गेलात तर नुसता फराटा येतो.

भिंतीवर दोन हात, एकाखाली एक, आणि दोघांची तोंडं उघडी. वडिलांना तो फोटो आवडला नाही. पोरांनी तोच निवडला.

गोडोली, सातारा

फसलेलं सांगते. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर. नवीन ५० ची लेन्स, हौसेनं एक पॉइंट आठवर, म्हणजे पार सताड, उघडली; मग एकाच अंतरावरचं तेवढं स्पष्ट येतं. ताई पुढच्या पायरीवर, भाऊ दोन पायऱ्या मागे. घरी येऊन बघते तर ताईची पापणी न् पापणी दिसतेय आणि भाऊ म्हणजे धुकं. शिवाय विहिरीत अंधार, वर आभाळ लख्ख, कॅमेऱ्यानं आभाळ सांभाळलं आणि पोरांना काळं केलं. फोटो बघून मुलगा म्हणाला, "ठीक आहे काकू, घरात पण मी असाच असतो."

परत गेलो. या वेळी दोघं एका पायरीवर, लेन्स चारवर, म्हणजे कमी उघडी, आणि उजेड चेहऱ्यावरून मोजला. आभाळ पांढरं झालं तर होऊ दे. कठड्यावर मात्र कुणाला बसवू नका, विहीर खोल आहे.

करंजे, सातारा

मी फोटोवाली नाही, फोटोतली आहे. अकरावीत. दातांना तार आहे. "दात दिसू देत बाळा" म्हणणाऱ्या काकांना माझा नमस्कार. गालावरचे फोड पुसायचे तर आधी विचारा, आणि चेहरा बाहुलीसारखा गुळगुळीत तर मुळीच करू नका, वर्गात हसतात. फोटो पहिले आम्हाला दाखवा, मग आईला. आमचे सगळे फोटो रात्रीत नातेवाइकांच्या ग्रुपवर गेले, दादाचा जांभई देतानाचासुद्धा. तो महिनाभर कुणाशी बोलला नाही. दादानं मला पाठीवर घेतलेला फोटो मात्र आम्ही दोघांनी लपवून ठेवलाय. तो आमचा आहे.

विश्रामबाग, सांगली

मॅचिंग कपडे नकोत. दोघांना मोहरी रंगाचे कुर्ते घातले होते, कुणाच्या तरी हळदीला निघाल्यासारखे दिसले.

शाहूपुरी, सातारा

कासला फुलांच्या दिवसांत नेणार असाल तर बुकिंग आधी करा आणि पोरांना फुलांत बसवू नका. फोटोसाठी तुडवलेला चट्टा मी डोळ्यांनी पाहिलाय. ढगाळ दुपार असली तर वाटेवरच फोटो छान येतात, सावल्याच पडत नाहीत.

एक जोडी अशीही आली की दोघे भाऊ एकमेकांशी बोलतच नव्हते. कारण मी विचारलं नाही. दोघांचे वेगवेगळे फोटो काढले, एकत्रचे पैसे परत दिले. आई नाराज झाली. जबरदस्तीनं गळ्यात हात घालायला लावला असता तर तो फोटो त्या घरात कुणी बघितला असता?

पुन्हा मी, धागा काढणारा

करंजेच्या ताई, दातांचं माझ्याकडूनही व्हायचं, आता बंद. आणि त्या वहिनींचा काल फोन आला होता. काळी पिशवी सापडली का म्हणून विचारत होत्या.