एला फिट्झजेराल्डची गाणी म्हणताना हरकती आवरत नाहीत, काय करू?

मंगळवारपेठकर:
नमस्कार. मी कोल्हापूरची. लहानपणी बारा वर्षं नाट्यसंगीत शिकले, पण गेली तीन वर्षं एला फिट्झजेराल्ड या अमेरिकन जॅझ गायिकेनं वेड लावलंय. १९५० साली तिनं एलिस लार्किन्सच्या नुसत्या पियानोवर अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातलं 'समवन टू वॉच ओव्हर मी' मी रोज रात्री ओटा आवरला की घेऊन बसते. मूळचं ते १९२६ च्या 'ओ, के!' या संगीत नाटकातलं. नाटक मागं पडलं, पद राहिलं. आपल्याकडं हे किती नाटकांचं झालंय! म्हणून मला ते कधी परकं वाटलंच नाही.

अडचण अशी, की शेवटच्या 'मी'वर सूर लांबवायचा असतो आणि तिथं माझा गळा आपोआप वळतो. मुरकी येतेच. गेल्या रविवारी घरच्या बैठकीत म्हटलं, मावसभाऊ पेटीवर होता. एक काका म्हणाले, "छान, पण पद झालं गं." मनाला लागलं. हरकती पार सोडून देऊ का?

षड्ज_पंचम:
ताई, सोडू नका, पण जरा उशिरा येऊ द्या. जॉर्ज गर्श्विननं ही चाल आधी जलद बांधली होती. एकदा सहज संथ वाजवली आणि तिचा खरा स्वभाव कळला. संथ लयीत दोन ओळींच्या मधे मोकळी जागा राहते, ती आपल्याला रिकामी वाटते आणि आपण भरायला जातो. ती तशीच ठेवा. गाण्याची मांडणीही बघा: आठ-आठ मात्रांच्या नव्हे, आठ-आठ बारच्या (बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट) चार ओळी, पहिली, दुसरी, चौथी सारख्या चालीच्या, तिसरी वेगळी. पहिल्या दोन्ही वेळा सरळ म्हणा. हरकत घ्यायचीच तर चौथीत, एकच.

राजारामपुरी_७वी_गल्ली:
श्वासाकडं बघा. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये असताना डॉर्सीचा ट्रॉम्बोन (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) ऐकून लांब श्वास शिकला, म्हणून सिनात्राचं वाक्य मधे तुटत नाही. आधी शब्द नुसते बोला, कुणाला तरी सांगितल्यासारखे.

तानपुरा:
एलाला सरळ गाणारी समजू नका हं. १९६० साली बर्लिनमध्ये 'मॅक द नाइफ'चे शब्द विसरली, तर तिथल्या तिथं नवे रचून म्हटले, आणि त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. पण लय आणि खालचे कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारे सूर, तिनं सोडले नाहीत. तुमची मुरकी पेटीवरच्या कॉर्डात बसते का, हे आधी तपासा.

मंगळवारपेठकर:
तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री दार लावून शब्द नुसते बोलले. चौथ्यांदा बोलताना आवाज भरून आला, गाताना असं कधी झालं नव्हतं. मग म्हटलं आणि फोनवर ऐकलं. 'मी' सरळ राहिला, पण शेवटाला किंचित उतरला. भावाला पेटी घेऊन शनिवारी बोलावलंय, तो तेवढा एकच सूर धरून बसणार आहे.